अर्क आणि अवशेष

औषधी साराला मराठीत ‘अर्क’ म्हणतात. हा शब्द ‘घाम’ या अर्थाच्या अरबी ‘अरक’पासून आला असून, सूर्य किंवा रुई या अर्थाचा संस्कृत ‘अर्क’ त्याहून निराळा होय. ऊर्ध्वपातनात वाफ थंड होऊन घामासारखे थेंब जमतात, तोच अर्क. गाळ भांड्यात राहतो व टाकला जातो.

गांज्याच्या घरगुती तेलालाही अर्क म्हणतात. परंतु तेथील क्रिया नेमकी उलट आहे. वनस्पतीतील राळ विद्रावकात उतरते, विद्रावक उडून जातो आणि भांड्यात उरते तेच घेतले जाते. साहजिकच जे उडाले नाही तेही सर्व पोटात जाते. ‘अर्क’ या शब्दाने सुचविलेली शुद्धता येथे गृहीत धरता येत नाही.

वास गेला म्हणजे विद्रावक गेला, हा समज भ्रामक आहे. हेक्झेन ६९ अंश सेल्सियसला उकळते. तथापि राळ घट्ट होत गेली की आत अडकलेला अंश फार सावकाश बाहेर पडतो, आणि नाकही वासाला सरावते. औषधांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हेक्झेनची मर्यादा दशलक्ष भागांत २९० भाग, तर कर्ककारक बेंझीनची अवघी २ भाग आहे. हेक्झेन दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते.

दुसरा धोका विद्रावकातील न उडणाऱ्या मळाचा. समजा, एका लिटरमध्ये असा मळ १० मिलिग्रॅम आहे आणि लिटरभर द्रव उडवून १० ग्रॅम तेल उरले. तर तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम मळ साठतो. रोमानो व हेझकॅम्प यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नॅफ्था व पेट्रोलियम ईथर वापरलेल्या तेलांत पेट्रोलियम हायड्रोकार्बनांचे अवशेष आढळले. भांग दुधातुपात शिजविण्याच्या जुन्या रीतीत स्निग्धांश हाच विद्रावक असतो. तो स्वतःच अन्न असल्याने नशेचा प्रश्न उरला, तरी अवशेषाचा उरत नाही.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावाजवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. रासायनिक कारखान्यांच्या शेजारात विद्रावकांची नावे कानावरची होतात. परंतु परिचय म्हणजे सुरक्षितता नव्हे. औद्योगिक प्रतीचे द्रव्य सेवनासाठी बनविलेले नसते. अवशेष मोजण्यास वायु-वर्णलेखन यंत्र लागते. स्वयंपाकघरात ते नसते, चूल मात्र असते. हेक्झेनची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीनेही पेट घेते.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमात अशा संहत तेलाचा समावेश ‘चरस’च्या व्याख्येत आहे, ते घरी काढणे हा गुन्हाच ठरतो. तरीही दुर्धर व्याधीने पीडित घरांत असे तेल आशेने घेतले जाते. ते घेतले गेले असल्यास, कशात काढले यासह ही गोष्ट वैद्यकीय उपचारकास सांगणे अगत्याचे आहे. कारण हातापायांना येणाऱ्या मुंग्यांचे मूळ व्याधीत नसून भांड्यात उरलेल्या अवशेषात असू शकते.