लहान मुलाने दडवलेल्या वस्तूंचा शोध

किल्ली, चष्मा, टीव्हीचा रिमोट, लाटणे किंवा बोटातून काढून ठेवलेली अंगठी घरातून नाहीशी होते, आणि त्या घरात एक ते तीन वर्षे वयाचे मूल असते, तेव्हा संशय प्रथम त्या मुलावर जातो. बहुधा तो खराही असतो. परंतु त्यानंतर जो शोध सुरू होतो तो क्वचितच पद्धतशीर असतो. एकच जागा चार माणसे चार वेळा पाहतात, काही जागा कोणीच पाहत नाही, मुलास दरडावून विचारले जाते, आणि वस्तू मौल्यवान असली तर घरकामास येणाऱ्या स्त्रीकडे नजर वळते. हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला, तरी त्यात दोन स्वतंत्र अभ्यासशाखांचा संबंध येतो : एक बालमानसशास्त्र, दुसरी शोधाचे गणित. वस्तू कोठे असण्याचा संभव आहे हे पहिली सांगते; त्या जागा कोणत्या क्रमाने पाहाव्यात हे दुसरी सांगते. या दोहोंचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ‘लपवणे’ या क्रियापदाचा दोष

मोठ्या माणसाच्या भाषेत लपवणे म्हणजे दुसऱ्यास कळू नये अशा हेतूने ठेवणे. अशा हेतूसाठी एक गोष्ट आवश्यक असते : आपणास जे ठाऊक आहे ते दुसऱ्यास ठाऊक नसू शकते, ही जाणीव. ही जाणीव दोन वर्षांच्या मुलास स्थिरपणे आलेली नसते. जोन पेस्किन व व्हिटोरिया आर्डिनो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लपंडाव खेळणे व गुपित राखणे या दोन्ही गोष्टी तीन वर्षांच्या बहुतेक मुलांस नीट साधत नाहीत, चार-पाच वर्षांच्या मुलांस त्या साधू लागतात, असे दिसून आले.

मारिया माँटेसरी यांनी आपल्या ग्रंथात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या लपंडावाचे जे निरीक्षण नोंदवले आहे, तेही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. एक मूल कापड घातलेल्या मेजाखाली बसे. इतर मुले बाहेर जाऊन परत येत, कापड उचलत आणि ते तेथेच आहे हे पाहून आनंदाने ओरडत. बाई स्वतः खेळात आल्या व दुसरीकडे लपल्या, तेव्हा मुलांस मौज वाटण्याऐवजी निराशा वाटली. त्या नेहमीच्या जागी का नव्हत्या, असा त्यांचा प्रश्न होता. या वयातील लपंडावाचा आनंद न सापडण्यात नसून अपेक्षित जागी सापडण्यात आहे.

यातून शोध करणाराच्या उपयोगाचा पहिला निष्कर्ष निघतो. मूल सहसा ‘कोणास सापडणार नाही’ अशी जागा निवडीत नाही. ते ‘मला जेथे ठेवावेसे वाटते’ अशी जागा निवडते. म्हणून चतुर चोराच्या दृष्टीने विचार करणे येथे व्यर्थ होय.

२. मूल वस्तू कोठे ठेवते

झाँ प्याजे यांनी आपल्या तीन अपत्यांच्या निरीक्षणावरून १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वस्तुस्थायित्वाच्या कल्पनेचा विकास सहा अवस्थांत मांडला. आठ ते बारा महिन्यांचे मूल झाकलेली वस्तू काढते. परंतु पहिल्या जागी एकदा सापडलेली वस्तू त्याच्या देखत दुसरीकडे ठेवली, तरी ते पहिल्याच जागी हात घालते. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास न पाहिलेले स्थलांतरही ते कल्पनेने जुळवू लागते. १९८७ साली रेने बायर्जों यांनी दाखवले की साडेतीन-चार महिन्यांच्या काही बालकांसही झाकलेली वस्तू अस्तित्वात असल्याची अपेक्षा असते. तात्पर्य, हाताने शोधता न येणे म्हणजे ज्ञान नसणे, असे समीकरण मांडता येत नाही. मात्र वस्तू दृष्टिआड होऊनही टिकते हे कळल्यावर ती पुनःपुन्हा दृष्टिआड करून पाहण्याची ओढ मुलास लागावी, हे स्वाभाविक आहे.

या ओढीची रूपे ख्रिस ॲथी यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात वर्णन केली. १९७३ ते १९७८ या काळात इंग्लंडमध्ये चाललेल्या एका प्रकल्पातील मुलांच्या वागण्यात त्यांना काही आकृतिबंध वारंवार आढळले. त्यांपैकी तीन प्रस्तुत विषयास विशेष लागू पडतात. पहिला, पात्रात भरणे : डबा, बूट, बादली, पिशवी, उघडा खण. दुसरा, आच्छादणे : उशीचा अभ्रा, गादीची कड, चादरीची घडी. तिसरा, वाहून नेणे : एका खोलीतील वस्तू पिशवीत किंवा ढकलगाडीत घालून दुसऱ्या खोलीत रिकामी करणे. फटीतून वस्तू पलीकडे घालवणे हाही याच जातीचा खेळ असून सोफ्याची फट व कपाटामागची जागा हे त्याचे घरगुती नमुने होत.

एकाच मुलात एका काळी यांपैकी एखादा आकृतिबंध प्रबळ असतो. म्हणून गेल्या आठवड्यात या मुलाच्या हातून गेलेल्या वस्तू कोठे सापडल्या, हा सर्वांत मौल्यवान पुरावा होय. ज्या मुलाने काल चमचा बुटात घातला, त्याने आज किल्ली बुटातच घातली असण्याचा संभव मोठा.

३. मुलाची साक्ष

मुलास काही आठवत नाही, हा समज खरा नाही. ज्युडी डीलोश, कॅसिडी व ब्राउन यांनी १९८५ साली दीड ते दोन वर्षांच्या मुलांसमोर एक खेळणे खोलीत ठेवले व काही मिनिटे थांबावयास लावले. इतर खेळ पुढे असूनही मुले मध्येच त्या जागेकडे पाहत, बोट दाखवत, खेळण्याचे नाव घेत. अर्थात स्मरण होते. परंतु ते जागेशी व कृतीशी बांधलेले होते.

डीलोश यांच्याच १९८७ च्या प्रयोगात या बंधनाची दुसरी बाजू दिसली. खोलीच्या लहान प्रतिकृतीत खेळणे कोठे ठेवले हे पाहून खऱ्या खोलीत त्याच जागी मोठे खेळणे शोधणे तीन वर्षांच्या मुलांस बहुधा जमले, अडीच वर्षांच्या मुलांस बहुधा जमले नाही. म्हणून दुसऱ्या खोलीत बसवून ‘किल्ली कोठे ठेवलीस?’ असे विचारण्यात, किंवा कागदावर चित्र काढून दाखवण्यात फारसा अर्थ नाही. मुलास त्याच खोलीत न्यावे, हातात तशीच दुसरी किल्ली द्यावी आणि ‘ही तिच्याजवळ ठेव’ असे सांगून शांतपणे पाहावे. दरडावल्यास मूल प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते रागास उत्तर देते.

या साक्षीस एक मर्यादा आहे. मुलाने किल्ली मळक्या कपड्यांच्या टोपलीत टाकली आणि नंतर कोणी ते कपडे धुण्याच्या यंत्रात घातले, तर मूल टोपलीच दाखवील. त्याची साक्ष खरी, पण वस्तू पुढे गेलेली. म्हणून मुलाइतकीच मोठ्यांच्या हालचालींचीही चौकशी करावी : त्या दिवशी कपडे, केर, पिशव्या, अंथरुणे कोणी व कोठे हलविली? केराची टोपली घराबाहेर जाण्यापूर्वी पाहणे हे या कारणाने सर्वप्रथम कर्तव्य ठरते. इतर जागा वाट पाहू शकतात, केर पाहत नाही.

४. शोधाचा क्रम

शोधाच्या गणिताची पायाभरणी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी काम करताना बर्नार्ड कूपमन व त्यांचे सहकारी यांनी केली. त्याचे सूत्र साधे आहे. प्रत्येक जागेस तीन अंक द्यावेत : वस्तू तेथे असण्याची संभाव्यता, तेथे असल्यास एका पाहणीत सापडण्याची संभाव्यता, आणि पाहणीस लागणारा वेळ. पहिल्या दोहोंचा गुणाकार वेळेने भागून जो अंक येतो, तो जेथे सर्वाधिक तेथे प्रथम पाहावे.

कल्पित उदाहरण घेऊ. खेळण्यांची टोपली : संभाव्यता ०.४०, सापडण्याची ०.५०, वेळ २ मिनिटे. चपलांची मांडणी : ०.२५, ०.९०, १ मिनिट. धान्याचे डबे : ०.२०, ०.८०, ८ मिनिटे. उरलेले घर : ०.१५. दर मिनिटाचे फळ अनुक्रमे ०.१००, ०.२२५ व ०.०२० येते. म्हणजे टोपलीची संभाव्यता अधिक असूनही प्रथम चपला पाहणे योग्य.

चपलांत काही मिळाले नाही, तर बेझच्या नियमाने टोपलीची संभाव्यता ०.५२ होते. तीही वरवर पाहून रिकामे हात आले, तर टोपली व डबे या दोहोंची संभाव्यता सुमारे ०.३५ अशी सारखी होते. येथे सामान्य माणूस ‘टोपली पाहून झाली’ म्हणून डब्यांकडे वळतो. गणित मात्र टोपलीकडेच परत पाठवते, कारण तिचे दर मिनिटाचे फळ अद्याप ०.०८७ आहे, डब्यांचे ०.०३५. अर्थात दुसरी पाहणी पहिलीची पुनरावृत्ती असून उपयोग नाही. त्याच रीतीने पाहिल्यास तीच चूक पुन्हा होते. टोपली चादरीवर पूर्ण उपडी केली पाहिजे.

‘पाहिले’ म्हणजे ‘तेथे नाही’ असे मानण्याची चूक घरापुरती मर्यादित नाही. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचे अवशेष एप्रिल २०११ मध्ये सापडले, ते शेवटच्या ज्ञात स्थानापासून फार दूर नव्हते. त्या भागात ध्वनिसंकेत आधी ऐकू आले नव्हते, म्हणून तो भाग रिकामा धरला गेला होता. संकेत देणारी यंत्रेच बंद पडली असावीत, हा संभव हिशेबात घेतल्यावर शोध योग्य जागी वळला.

५. जेथे क्रम बदलतो

नाहीशी झालेली वस्तू चपटा बटण-सेल, लोहचुंबक किंवा औषधाची गोळी असेल, तर वरील सर्व विचार बाजूस ठेवावा. तेव्हा ‘वस्तू मुलाच्या पोटात आहे’ ही शक्यता, संभाव्यता थोडी असली तरी, परिणामामुळे पहिली ठरते. अन्ननलिकेत अडकलेला बटण-सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो, आणि आरंभी मूल पूर्ण स्वस्थ दिसू शकते. सेल किंवा चुंबक गिळल्याचा नुसता संशय असला, तरी उलटी न करविता मुलास तत्काळ रुग्णालयात नेऊन क्ष-किरण तपासणी करवावी. गोळीच्या बाबतीत तिचे वेष्टन बरोबर न्यावे. घरातील शोध मागे राहणाऱ्यांनी चालू ठेवावा.

इतर प्रसंगी मात्र या विवेचनाचे फळ केवळ वेळेची बचत एवढेच नाही. मूल ज्यास ठेवणे म्हणते त्यास मोठे लपवणे म्हणतात, आणि त्या एका शब्दामुळे मुलास लबाडीची शिक्षा मिळते. त्याचप्रमाणे अर्धवट पाहणी पूर्ण समजली गेली की उरलेली सर्व संभाव्यता ‘कोणी तरी नेली’ या एका शक्यतेवर लोटली जाते, आणि निरपराध व्यक्तीची उपजीविका व अब्रू धोक्यात येते. टोपली उपडी करण्यापूर्वी कोणावर संशय घेणे हे गणिताच्या दृष्टीने चूक आहे, आणि न्यायाच्या दृष्टीने त्याहून मोठी चूक आहे.