कॅसेटवाला संगणक

नव्वदच्या दशकात तुमच्या घरी संगणक होता का, असं शिरूर-दौंडच्या कुणाला विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतील. व्हिडिओ गेम होता का विचारा, की चेहरा उजळतो. कुणाला दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर आठवतं, कुणाला एसआरपी कॅम्पातला मित्र, कुणाला घोडनदीच्या पेठेत तासावर खेळायला मिळायचं ते दुकान. आपल्या घरी संगणक होता आणि त्यावर आपण बदकं मारत होतो, हे मात्र या मंडळींना अजूनही पटत नाही.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोनं जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विकायला काढला. त्याच्या चिपा तैवानमध्ये हुबेहूब उतरवल्या गेल्या आणि त्यांवर चालणारे स्वस्त संच जगभर पसरले. आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर अशी नावं घेऊन ही जातकुळी आली. या सगळ्यांचा मेंदू ६५०२ या प्रोसेसरच्या वंशातला. चक पेडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तो अवघ्या २५ डॉलरला बाजारात आणला, तेव्हा स्पर्धकांचे प्रोसेसर शेकडो डॉलरना जात होते. ‘अॅपल टू’मध्ये हाच होता. १९८४ मध्ये भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांतही हाच. तिथे खोलीला कुलूप, यंत्रावर कव्हर आणि चपला दाराबाहेर. इथे त्याच घराण्यातली चिप पलंगावर लोळत, आणि ‘मेलास ना, आता रिमोट दे’ म्हणून भावंडांची हाणामारी.

हा मेंदू सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके घेई. हाताशी स्मृती किती, तर २ किलोबाइट. तुम्ही वाचताय तो लेख संगणकात साठवला तर त्याचा पाव भागही तेवढ्यात मावणार नाही. म्हणूनच या खेळांतली काटकसर बघण्यासारखी आहे. मारिओचा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. फोनवर काढलेला साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे, फक्त ढग पांढरा आणि झुडूप हिरवं. जागा वाचवायला एकच चित्र दोनदा वापरलंय.

‘कॉन्ट्रा’ या खेळात गोळ्यांचा पाऊस सुरू झाला की माणसं आणि गोळ्या लुकलुकायला लागत. घरची वडीलधारी मंडळी म्हणत, टीव्हीवर ताण येतोय, बंद करा. टीव्ही बिचारा ठणठणीत असे. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर हलती चित्रं जास्तीत जास्त आठच दाखवायची, एवढीच त्या चित्र-चिपची कुवत. नववं आलं की कुणाला तरी गाळायचं. मग खेळाचा प्रोग्रॅम दर फ्रेमला वेगळ्याला गाळी, म्हणजे कुणी कायमचं गायब व्हायला नको. आपल्याला दिसे ती लुकलुक. हे मला आजही फार हुशारीचं वाटतं.

त्याच कॉन्ट्रातला तीस लाईफचा मंत्र (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए) मुळात १९८६ च्या ‘ग्रॅडियस’साठी काझुहिसा हाशिमोतो यांनी घातला होता. तपासणी करताना त्यांना स्वतःलाच तो खेळ झेपत नव्हता. इंटरनेट नसताना हा मंत्र गावोगावच्या पोरांना पाठ कसा झाला, हा एखाद्या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं घेण्यासारखा विषय आहे.

‘९९९९ इन १’ कॅसेटची गंमत मात्र सरळ फसवणुकीची. आत खेळ मोजकेच. उरलेल्या यादीत तेच खेळ वेगळ्या नावानं. सुरू होताना स्मृतीच्या एखाद्या खान्यात लाईफचा किंवा स्टेजचा आकडा बदलून ठेवायचा, की झाला नवा खेळ! आणि ती स्मृती विजेवर जगणारी. आठव्या स्टेजला लाईट गेली की सगळं पुसलं. महावितरण होण्याआधीही आणि नंतरही या तालुक्यांत ते दुःख पुरेसं होतं.

खेळाचं चित्र टीव्हीवर येई कसं? दूरदर्शनच्या पुणे केंद्राचं सहक्षेपण १९७३ पासून सिंहगडावरून होत असे, म्हणून छपरांवरच्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून. त्या अँटेनाची वायर काढून व्हिडिओ गेमची खोचायची आणि चॅनल ट्यून करत बसायचं. कारण डब्यात एक चिमुकलं टीव्ही प्रक्षेपण केंद्रच असे. मुंग्या हटून मेनू दिसला, की तुमचं केंद्र लागलं.

बदकं मारायच्या खेळातल्या बंदुकीतून काहीच सुटत नसे. उलट ती प्रकाश आत घेई. घोडा दाबला की एका फ्रेमपुरता पडदा काळा होई आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई. आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तरच नेम बरोबर. ट्यूबलाईटवर नेम धरून बदकं पाडायची युक्ती चालू नये, म्हणून तो अंधार. हे सगळं काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबवर जमे, कारण तिथे चित्र येईल त्या क्षणी उमटतं. सपाट टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो, त्यात क्षणभर उशीर होतो आणि बंदूक आंधळी ठरते. शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या एमआयडीसीत, एलजीचा कारखाना आला आणि तिथून टीव्ही बाहेर पडू लागले. पुढे सपाट पडदे घरोघर आले, तशी बदकं कायमची वाचली.

माळ्यावर संच सापडलाच, तर कॅसेटीत फुंकर मारू नका. तेव्हाही फुंकरीनं काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जात आणि संपर्क जुळे. फुंकरीतला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांना गंजवतो. कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पट्ट्या पुसा, वाळू द्या आणि मगच अॅडॉप्टर लावा.