बाळाला तपासायला नेताना

खोडव्याला पाण्याची पाळी कधी आली हे आपणांस कोणी सांगावे लागत नाही. बाळाची तारीख मात्र हंगामाच्या गडबडीत हटकून चुकते. ‘पोर खेळतंय की, कशाला न्यायचं दवाखान्यात?’ असे आजी म्हणते. पण ही तपासणी धडधाकट बाळाचीच असते.

दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नववा महिना, पुढे १६ ते २४ महिन्यांत बूस्टर, या लसीच्या खेपा. त्याच वेळी बाळाला उघडे करून वजन घेतात, लांबी व डोक्याचा घेर मोजतात, टाळू चाचपतात, नजर फिरते का, मान धरली का, ते पाहतात. वजन कार्डावरच्या आलेखात मांडून घ्या. साधारण पाचव्या महिन्यात ते जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट होते. एका वजनावरून काही ठरत नाही; रेघ चढते की आडवी पडते ते बघायचे. आडवी पडली तर गप्प बसू नका, विचारा.

लसीनंतर एखादा दिवस ताप येतो, मांडी सुजते. त्याला भिऊन पुढची खेप टाळू नये. दंडावरच्या बीसीजीच्या फोडाला हळद, चुना काही लावू नये.

आणखी एक. बाळंतपण माहेरी होते नि कार्ड तिथेच फळीवर राहते. सून परत येताना झबल्याआधी कार्ड पिशवीत पडले पाहिजे. खेप चुकली असली तरी जावे. राहिलेले डोस तिथून पुढे देतात, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आपल्या फडात तोडीला आलेल्या टोळीतल्या बाळांचीही कार्डे विचारा. लस त्यांनाही उपकेंद्रात फुकटच मिळते.