हुंडणावळ कोण भरतो?

चाटी गल्लीतील आमच्या कापड दुकानाच्या काउंटरवर गेल्या दिवाळीपर्यंत तीन क्यूआर कोड उभे होते: एक फोनपेचा, एक गूगल पेचा आणि एक पेटीएमचा. दुकान आता माझा पुतण्या सांभाळतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी सकाळी तासभर गल्ल्याजवळ जाऊन बसतो, एवढाच माझा व्यापाराशी संबंध. एके दिवशी तो म्हणाला, “काका, ही गर्दी कशाला ठेवायची? कोणत्याही अ‍ॅपवरून कोणताही कोड चालतो. एकच ठेवतो. त्या कंपनीचा माणूस साउंडबॉक्सचे भाडेही माफ करायला तयार आहे.”

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तरीही मी त्याला थांबवले, आणि त्याचे कारण सांगताना मला आमच्या वडिलांच्या हुंड्या आठवल्या.

आमच्या लहानपणी मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधून माल येई आणि त्याचे पैसे हुंडीने चुकते होत. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत. मुदती हुंडीची मुदत भरावी लागे. शाहजोग हुंडीचे पैसे तर पेठेत ज्याची पत आहे अशा ‘शाहा’च्याच हाती पडत, त्यामुळे चोरलेली हुंडी चोराच्या उपयोगाची नसे. हुंडी हरवली तर ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून देण्याची सोय होती. या साऱ्या व्यवहाराचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. ती हंगामाप्रमाणे कमीजास्त होई, पण ती किती आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आधी ठाऊक असे. सोलापूरच्या पेढीवर लिहिलेली हुंडी मुंबईच्या पेढीवर चालावी, मग दोन्ही पेढ्यांचे मालक एकमेकांचे प्रतिस्पर्धी का असेनात, हा त्या व्यवस्थेचा प्राण होता.

मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे पहिले प्रयोग नेमके याच ठिकाणी अडखळले. २०१३ मध्ये व्होडाफोनने एम-पेसा भारतात आणले. केनियात २००७ पासून त्याच नावाच्या सेवेने चमत्कार घडवला होता, परंतु आपल्याकडे ते रुजले नाही आणि २०१९ मध्ये बंद झाले. पेटीएमचे पाकीट त्या मानाने पुष्कळ चालले, मात्र एका कंपनीच्या पाकिटातले पैसे दुसरीच्या पाकिटात जात नसत. आपली हुंडी फक्त आपल्याच पेढीवर वटेल, असे म्हणणाऱ्या सावकाराकडे जुन्या काळी कोण गेले असते?

ही कोंडी ‘यूपीआय’ने फोडली. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ११ एप्रिल २०१६ रोजी, रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना, २१ बँकांना घेऊन हा प्रयोग सुरू केला. पैसा एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या बँक खात्यात जातो आणि मधले अ‍ॅप कोणाचेही असू शकते, हे त्याचे मर्म. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात साऱ्या देशात यूपीआयचे व्यवहार झाले ते जेमतेम एक लाख. पुढे ८ नोव्हेंबरची नोटाबंदी आली. मी तेव्हा शाखेत होतो. विडी कामगार स्त्रिया आणि यंत्रमागावरचे कामगार आठवड्याच्या मजुरीसाठी दारात उभे असत आणि आमच्याकडे द्यायला शंभराच्या नोटा नसत. त्या रांगांकडे पाहताना फोनवरच्या पैशाची कल्पना मला थोडी क्रूरच वाटली होती, हे मान्य करतो. ३० डिसेंबरला ‘भीम’ अ‍ॅप आले, पुढच्या सप्टेंबरात गूगलचे ‘तेज’ आले आणि २०१८ मध्ये त्याचेच ‘गूगल पे’ झाले. फोनपे त्याआधीच फ्लिपकार्टच्या छत्राखाली गेले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याचे व्यवहार एक हजार कोटींवर गेले, आणि आज मंगळवार बाजारात कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या बाईच्या पाटीतही कोड असतो.

रस्ता सर्वांना खुला असताना त्यावर धावणाऱ्या गाड्या मात्र दोघांच्याच कशा झाल्या? २०२४ अखेर एकूण व्यवहारांपैकी सुमारे ४८ टक्के एकट्या फोनपेवरून आणि सुमारे ३७ टक्के गूगल पेवरून होत होते. सरकारी पाठबळाचे भीम अ‍ॅप मागे पडले, आणि ज्याच्या हाती देशातले बहुतेक फोन आहेत त्या व्हॉट्सअ‍ॅपलाही आरंभी ग्राहकसंख्येच्या मर्यादेत राहावे लागल्याने पुढे सरकता आले नाही; ती मर्यादा उठली २०२४ च्या अखेरीस. कोणत्याही एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत असा नियम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. त्याच्या पालनाची मुदत आधी २०२२ अखेर, मग २०२४ अखेर आणि आता ३१ डिसेंबर २०२६ अशी सरकत आली आहे. बँकेत असताना थकीत कर्जाची मुदत अशी दोनदा वाढवली असती, तर लेखापरीक्षकाने मला उभे केले असते. पण नियम करणाऱ्यांची अडचणही खरी आहे. जवळजवळ निम्मे व्यवहार ज्या दुकानातून होतात, त्याच्या दारावर ‘आता आत येऊ नका’ अशी पाटी कोण लावणार?

या मक्तेदारीचे मूळ माझ्या मते हुंडणावळीत आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायचे नाही, असा केंद्र सरकारचा निर्णय आहे. व्यापारी म्हणून आपल्याला तो गोड लागतो. पण ज्या धंद्यात मोबदलाच नाही, त्यात वर्षानुवर्षे तोटा सोसण्याची ताकद असलेलाच टिकतो. नव्या लहान पेढीने उतरावे कशाच्या बळावर? सरकार बँका आणि कंपन्यांना काही प्रोत्साहन देते. २०२४-२५ साठी त्याची तरतूद दीड हजार कोटी रुपये होती आणि लहान व्यापाऱ्याकडील दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर दर होता शेकडा ०.१५. म्हणजे हजार रुपयांच्या साडीवर दीड रुपया. उरलेली भरपाई कोठून होते? साउंडबॉक्सच्या भाड्यातून, विम्यातून, म्युच्युअल फंडातून आणि मुख्यत्वे कर्जातून.

कर्जाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा माझा जन्मभराचा विषय आहे. आम्ही कॅश क्रेडिट देताना गोदामात जाऊन गाठी मोजत असू, स्टॉक स्टेटमेंट मागत असू, उधारी किती जुनी आहे ते पाहत असू. आता कोडवर रोज किती जमा होते एवढ्यावर पडद्यावर आकडा येतो आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर वळता होतो. निकडीच्या वेळी ही सोय मोलाची आहे. मात्र हिशेब नीट करावा. समजा, एक लाखाचे कर्ज घेतले, दोन हजार प्रक्रिया शुल्क आधीच कापले गेले आणि वर्षभरात रोजच्या हप्त्यांनी एक लाख पंधरा हजार फेडायचे आहेत. कंपनीचा माणूस म्हणेल, पंधरा टक्के. पण मुद्दल रोज कमी होत असते. सरासरी पाहता वर्षभर तुमच्या हाती निम्मीच रक्कम राहते. खरा दर तीस टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य हुंडणावळीच्या कोडामागे ही हुंडणावळ उभी आहे आणि ती कागदावर चटकन दिसत नाही.

पुतण्याला हे पटले, तरी एकच कोड का नको याचे उत्तर त्याला मिळाले नव्हते. त्यासाठी दोन तारखा सांगाव्या लागल्या. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. फोनपेचे व्यवहार त्या वेळी याच बँकेमार्फत होत असल्याने ज्यांचे येस बँकेत खातेही नव्हते अशा लक्षावधी लोकांचे फोनपे जवळपास दिवसभर ठप्प झाले. दुसरी तारीख ३१ जानेवारी २०२४. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. ती १५ मार्चनंतर पूर्णतः अमलात आली. पेटीएमचे अ‍ॅप स्टेट बँक, एचडीएफसी, अ‍ॅक्सिस आणि येस या चार बँकांच्या आधाराने चालू राहिले, पण ज्या दुकानदारांची जमा त्या पेमेंट्स बँकेच्या खात्यात होत असे, त्यांना धावाधाव करून खाते बदलावे लागले. अ‍ॅप म्हणजे केवळ दर्शनी दार. त्यामागे एखादी बँक असते आणि तिची प्रकृती आपल्याला दिसत नाही.

आणि एक प्रसंग आमच्याच दुकानातला. काही वर्षांपूर्वी गड्डा यात्रेच्या दिवसांत अक्कलकोट तालुक्यातील एक वृद्ध बाई मुलासह लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आल्या होत्या. मुलाने चौसष्टशे रुपये पाठवले. त्याच्या खात्यातून ते गेले, आमच्याकडे आले नाहीत. त्या वेळी दुकानात एकच कोड होता. पुतण्याने बॉक्स बोलण्याची अर्धा तास वाट पाहिली आणि माल दिला नाही. शेवटी बाईंनी शेजारच्या गल्लीतील नातेवाइकाकडून रोख आणून दुसऱ्यांदा पैसे भरले. पहिले पैसे तीन दिवसांनी मुलाच्या खात्यात परत गेले, म्हणजे पैशाचे नुकसान कोणाचेच झाले नाही. पण त्या घराण्याचा बस्ता तीन पिढ्या आमच्याकडून जात होता, तो त्यानंतर आला नाही. मी त्या संध्याकाळी दुकानातच होतो. माल देऊन टाक, असे सांगण्याचे मला सुचले नाही, ही खंत आजही आहे.

नियम माहीत असता तर कदाचित सुचलेही असते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे दुकानदाराकडे खात्री न पोहोचलेल्या यूपीआय व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ग्राहकाला परत गेली पाहिजे, आणि त्यापुढे बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची असते. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता यावे आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.

काही वाचक विचारतील, मग रोखच बरी नाही का? जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूत काही दुकानांवर ‘यूपीआय नाही’ असे फलक झळकले. विजयपूर, कलबुर्गीच्या आपल्या नातेवाइकांचे काळजीचे फोन मलाही आले. मला ते फलक पटले नाहीत. मालाच्या उलाढालीची चाळीस लाखांची मर्यादा रोखीलाही तितकीच लागू आहे. उलट अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्यास रोखीच्या विक्रीवर आठ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर सहाच टक्के नफा दाखवावा लागतो. घरच्या देवघेवीचे पैसे मात्र दुकानाच्या कोडवर घेऊ नयेत. नंतर ते विक्री नव्हते हे सिद्ध करता करता घाम फुटतो.

शेवटी आम्ही तीनऐवजी दोन कोड ठेवले. दोन्हींची जमा वेगवेगळ्या बँकांत होते. साउंडबॉक्सच्या आवाजावर न विसंबता रात्री दोन्ही खात्यांची जमा रोजमेळाशी ताडून पाहण्याचे काम पुतण्याने स्वतःकडे घेतले आहे. भाडेमाफीवाला प्रतिनिधी गेल्या महिन्यात पुन्हा आला होता. या खेपेस कर्जाचाही प्रस्ताव होता. पुतण्याने त्याला चहा दिला आणि विचारले, “तुमच्या कोडामागे बँक कोणती?” त्या तरुणाला उत्तरासाठी कार्यालयात फोन लावावा लागला.