एस्तेर राणीचा सण

फाल्गुनाची पुनव जवळ आली की आपल्या कर्जत-खालापूर भागात पोरे लाकडे-गोवऱ्या गोळा करू लागतात. त्याच सुमारास आपल्या रायगड जिल्ह्यातल्या काही मराठी घरांत दुसरा एक सण येतो. त्याचे नाव पुरीम. त्या घरांत होळी पेटत नाही. तरी जुनी माणसे या सणाला 'होळीचा सण' असेच म्हणत आली.

ही घरे बेने इस्रायल लोकांची, म्हणजे यहुदी धर्म पाळणाऱ्या मराठी माणसांची. फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे ते सांगतात. वाचलेली माणसे कोकणातच राहिली, तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावेही आपल्या गावांची. पेणकर, रोहेकर, नवगावकर. चौकहून पनवेलला गेलात तर तेथे त्यांचे १८४९ सालचे प्रार्थनामंदिर आहे. पेण, अलिबाग, रेवदंडा येथेही आहेत.

आता सणाची गोष्ट ऐका. इराण देशात अहश्वेरोश नावाचा राजा होता. त्याची राणी एस्तेर. ती यहुदी होती, पण हे तिने कोणाला सांगितले नव्हते. राजाचा प्रधान हामान मोठा गर्विष्ठ. सगळ्यांनी आपल्यापुढे वाकावे, असा त्याचा हट्ट. एस्तेरचा चुलतभाऊ मर्दखय वाकला नाही. हामानाला राग आला. एका माणसाचा राग त्याने साऱ्या जमातीवर काढायचे ठरवले. तो राजाला म्हणाला, तुझ्या राज्यात एक जमात आहे, तिच्या चालीरीती इतरांहून वेगळ्या आहेत, तिला ठेवून काय फायदा? कत्तलीचा दिवस त्याने आधीच चिठ्ठ्या टाकून काढला होता. चिठ्ठीला त्यांच्या ग्रंथात 'पूर' म्हणतात. त्यावरून पुरीम.

बोलावल्याशिवाय राजापुढे जाणाऱ्याला देहांताची शिक्षा होती. तरी एस्तेरने तीन दिवस उपास केला आणि ती गेली. पुढे राजाला जेवायला बोलावून तिने सांगितले, ज्यांना मारायचे ठरले आहे, त्यांतलीच मी एक आहे. राजाचे डोळे उघडले. मर्दखयासाठी उभारलेल्या फासावर हामानच चढला. आपल्या गोष्टीत प्रल्हादाला जाळायला निघालेली होलिका स्वतःच जळाली, तसेच हे झाले बघा.

दोन्ही सण एका सुमारास का येतात? त्यांचे महिनेही आपल्यासारखे चंद्रावर चालतात. चंद्राचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. सूर्याच्या वर्षाहून ते अकरा दिवसांनी लहान. ही तूट भरायला आपण अधिक महिना धरतो. तेही १९ वर्षांत ७ वेळा धरतात. पुरीम येतो अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पुनवेच्या तोंडावर. २०२५ साली होळी आणि पुरीम दोन्ही १३ मार्चच्या संध्याकाळीच सुरू झाले. पण दोघांचा अधिक महिना एकाच वर्षी येतो असे नाही. म्हणून २०२१ साली पुरीम होळीच्या एक महिना आधी आला.

सणात चार गोष्टी करायच्या. एस्तेरची पोथी ऐकायची. मित्राला निदान दोन खाण्याचे पदार्थ पाठवायचे. निदान दोन गरिबांना दान द्यायचे. आणि आनंदाने जेवायचे. पोथीत हामानाचे नाव आले की मुले पाय आपटतात, खुळखुळे वाजवतात.

आम्ही मास्तर होतो तेव्हा आमच्या वर्गात एक यहुदी मुलगा होता. साऱ्या वर्गात तो एकटा. "तुझा कोणता रे सण?" असे पोरांनी विचारले. तो लाजला. आम्ही म्हणालो, "सांग की." त्याने ही गोष्ट सांगितली आणि हामानाचे नाव आले की बाक वाजवा म्हणाला. मग काय! बोंब मारायची सवय पोरांना होतीच. शेजारच्या वर्गाचे मास्तर धावत आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने मित्रांसाठी पुरणपोळ्या पाठवल्या. एका मित्राच्या आईने त्याला जेवायला बोलावले. यहुदी लोक मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. मांसही त्यांच्या रीतीने कापलेलेच लागते. तिने आधी विचारून घेतले आणि साधी भाजी-भाकरी केली. पोरगे पोटभर जेवले.

यात मोठे काही नाही, असे कोणी म्हणेल. पण हामानाचे बोलणे आठवा. हे लोक थोडे आहेत आणि वेगळे आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा! असे बोलणे चावडीवर, बाजारात आजही कानी पडते. कधी या जातीबद्दल, कधी त्या धर्माबद्दल. कोकणात आपला धर्मावरून छळ झाला नाही, असे बेने इस्रायल आवर्जून सांगतात. १९४८ नंतर बरेच जण इस्रायल देशात गेले, ते येथे कोणी हाकलले म्हणून नव्हे. तिकडेही ते मराठी बोलतात. हे नाव आपल्या शेजारपाजाऱ्यांनी मिळवले आहे. ते राखणे आता आपल्याकडे आले.

तेव्हा वर्गात एखादे मूल एकटे असेल, तर आपल्या मुलाला त्याच्याशेजारी बसायला सांगा. त्याचा सण कोणता ते विचारा. त्याला काय चालते, काय चालत नाही, तेही विचारा. आणि ही गोष्ट आज रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवा. हामानाचे नाव आले की पोरांना ताट वाजवू द्या.