न उचललेला फोन आणि सात कमानी

८ मार्च २०१४ च्या सकाळी ७ वाजून १३ मिनिटांनी मलेशिया एअरलाइन्सच्या जमिनीवरच्या माणसांनी आपल्याच एका विमानाला उपग्रहामार्फत फोन लावला. तो कुणी उचलला नाही. विमान होतं एमएच ३७०. क्वालालंपूरहून रात्री १२:४२ ला उडालेलं हे बोइंग ७७७ साडेसहाच्या सुमाराला बीजिंगला उतरायचं होतं. आत २३९ माणसं होती, निम्म्याहून जास्त चिनी, आणि पाच भारतीयही. त्यांतलं कुणीही परत आलेलं नाही.

पण तो फोन वाया गेला नाही. विमान बोललं नाही, तरी त्यातल्या एका यंत्राने उपग्रहाला प्रतिसाद दिला होता आणि त्याची नोंद राहिली होती. म्हणजे सगळं जग ज्या विमानाला व्हिएतनामजवळच्या पाण्यात शोधत होतं, ते रडारवरून दिसेनासं झाल्यानंतरही कित्येक तास हवेत होतं. हे मला आजही थक्क करतं.

आधी रात्रीचा घटनाक्रम पाहू. १:१९ ला वैमानिकाच्या कक्षातून शेवटचा, अगदी नेहमीचा ‘गुड नाइट’ आला. दोन मिनिटांनी मलेशिया आणि व्हिएतनामच्या हवाई हद्दींच्या सीमेवर विमानाचा ट्रान्सपॉन्डर गप्प झाला. नियंत्रकांच्या पडद्यावर विमानाचं नाव, उंची, वेग उमटतात ते या यंत्राच्या उत्तरांमुळे. ते थांबलं की नागरी पडद्यावरून विमान जवळपास पुसलंच जातं. लष्करी रडार मात्र नुसत्या परावर्तित लहरींवर चालतं, त्याला विमानाच्या सहकार्याची गरज नसते. त्या रडारच्या नोंदींत नंतर दिसलं की एक विमान उलटं वळलं, मलय द्वीपकल्प ओलांडून पिनांगजवळून गेलं आणि अंदमान समुद्राच्या दिशेने निघालं. १:५२ ला सहवैमानिकाच्या मोबाइलने पिनांगच्या एका टॉवरला क्षणभर हजेरी दिली. २:२२ ला लष्करी रडारची पोहोचही संपली.

लोकांच्या तर्कांना इथून उधाण आलं. त्या वेळी एक सहज समजूत जवळजवळ सगळ्यांच्याच मनात होती: एवढं मोठं विमान कुठे आहे, हे कुणाला तरी सतत दिसतच असणार. तसं नव्हतं. जमिनीवरचं रडार किनाऱ्यापासून साधारण चारशे किलोमीटरपर्यंत पाहू शकतं, त्यापुढचा महासागर त्याच्यासाठी रिकामाच. सामान्य माणसाला हे पहिल्यांदाच कळत होतं आणि पटत नव्हतं. दिसत नाही म्हणजे कुणीतरी लपवलंय, असं मनाने ठरवून टाकलं. कुणी विमान दिएगो गार्सियाच्या अमेरिकी तळावर उतरवलं, कुणी कझाकस्तानात.

काही तर्क लवकर मावळले. दोन प्रवाशांनी चोरीचे पासपोर्ट वापरले होते, म्हणून पहिले दोन दिवस दहशतवादाची चर्चा पेटली. ते दोघे युरोपात आश्रय शोधायला निघालेले इराणी तरुण निघाले. नातेवाइकांनी हरवलेल्या माणसांना फोन लावले तेव्हा पलीकडे रिंग ऐकू येत होती. त्या रिंगने किती घरांत आशा धरून ठेवली असेल! पण पलीकडचा फोन सापडेपर्यंत आपल्याच बाजूचं नेटवर्क कधीकधी रिंगचा आवाज ऐकवत राहतं. तो आवाज पलीकडचा फोन चालू असल्याचा पुरावा नसतो. आणि लाखो लोक टॉमनॉड नावाच्या संकेतस्थळावर बसून उपग्रहाने टिपलेल्या समुद्राच्या चित्रांचे तुकडे न्याहाळत होते, ढगांत, फेसात, लाटांच्या चमकीत विमान शोधत होते. मला यात रिकामटेकडेपणा दिसत नाही. अनोळखी माणसांसाठी रात्र रात्र समुद्राकडे टक लावून पाहणं हे माणुसकीचंच काम होतं. फक्त समुद्राचा तो तुकडाच चुकीचा होता.

बरोबर समुद्र सापडला तो लंडनमधल्या इन्मारसॅट या उपग्रह कंपनीच्या अभियंत्यांना, त्या मूक यंत्राच्या नोंदींतून.

विमानाच्या पाठीवरचा अँटेना उपग्रहाशी बोलतो आणि उपग्रह ते पर्थमधल्या केंद्राला कळवतो. तासभर काहीच बोलणं झालं नाही, तर केंद्र स्वतःहून विचारतं, ‘आहेस का?’ विमानातलं यंत्र म्हणतं, ‘आहे.’ ठिकाण सांगत नाही, वैमानिकालाही पत्ता लागत नाही. २:२५ ला हे यंत्र पुन्हा जागं झालं आणि त्यानंतर ३:४१, ४:४१, ५:४१, ६:४१ अशी तासातासाने उत्तरं आली. ७:४१ चं उत्तर नाही, कारण ७:१३ च्या न उचललेल्या फोनने तासाचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं होतं. पुढची हजेरी ८:११ ला. मग ८:१९ ला विमानातल्या यंत्राने आपणहून जोडणी मागितली. वीज जाऊन परत आली की यंत्र असं करतं. इंधन संपायची वेळही साधारण तीच येते. ९:१५ च्या हाकेला उत्तर आलं नाही.

प्रत्येक उत्तर यायला किती वेळ लागला, याचा आकडा केंद्रात नोंदला गेला होता. त्या वेळेवरून विमान उपग्रहापासून किती दूर होतं ते निघतं, आणि तेवढ्या अंतरावरचे सगळे बिंदू जोडले की पृथ्वीवर एक वर्तुळ उमटतं. इंधन पुरेल तेवढाच त्याचा भाग ठेवला की उरते एक कमान. सात हजेऱ्या, सात कमानी. विमान शेवटी सातव्या कमानीच्या आसपास असणार, हे ठरलं. हा वेळेचा आकडा नोंदवायला सुरुवात झाली होती ती २००९ मध्ये अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ नंतर. एका हरवलेल्या विमानाच्या दुःखातून एक आकडा जपायची सवय लागली आणि पाच वर्षांनी दुसऱ्या विमानाच्या शोधात तोच आकडा उपयोगी पडला.

पण सातवी कमान मध्य आशियापासून थेट दक्षिण हिंदी महासागरापर्यंत जात होती. उत्तर की दक्षिण? कझाकस्तानचा तर्क इथूनच जोर धरत होता, आणि त्या क्षणी तो वेडगळही नव्हता. उत्तर मिळालं ते लहरींच्या बारीकशा बदलातून. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी ऐकू येते आणि दूर जाताना उतरते, तसंच रेडिओ लहरींचंही होतं. विमानातलं यंत्र हा बदल आपणच दुरुस्त करून लहर पाठवतं. मात्र ते धरून चालतं की उपग्रह विषुववृत्तावर एका जागी स्थिर आहे. १९९६ साली सोडलेला तो उपग्रह आता रोज थोडा उत्तरेला आणि थोडा दक्षिणेला डुलत होता. त्यामुळे दुरुस्तीत किंचित चूक राहत होती, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या विमानात ती एक प्रकारची, दक्षिणेकडे जाणाऱ्यात दुसऱ्या प्रकारची. अभियंत्यांनी इतर विमानांच्या नोंदींवर ही रीत तपासून पाहिली. एमएच ३७० चे आकडे दक्षिणेच्याच मार्गाशी जुळले. २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की विमानाचा प्रवास हिंदी महासागराच्या दक्षिणेत संपला. म्हाताऱ्या उपग्रहाचं डुलणं नसतं तर दिशा कळणं फार अवघड झालं असतं.

यानंतर लोकांच्या तर्कांचे दोन प्रवाह झाले, असं मला वाटतं. एकाला पुराव्याची गरज उरली नाही. ढिगारा मिळाला नाही, तर तो लपवलेला, आणि मिळाला, तर तो पेरलेला. दुसरा प्रवाह मात्र आकडे मागत राहिला. उपग्रहशास्त्र, गणित आणि विमानशास्त्रातले जाणकार एकत्र आले, त्यांनी ‘इंडिपेंडंट ग्रुप’ असं नाव घेतलं. नातेवाइकांनीही कच्च्या नोंदी जाहीर करण्याची मागणी लावून धरली. २७ मे २०१४ ला त्या प्रसिद्ध झाल्या. मग आपापल्या घरी बसून लोक मार्ग काढू लागले, एकमेकांच्या चुका दाखवू लागले. या लोकांचाही अंदाज बऱ्याचदा चुकला, पण तो नकाशावरच्या एका ठिकाणी बोट ठेवत होता. तिथे जाऊन पाहता येत होतं.

आणि तिथे जाऊन पाहिलंही गेलं. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०१७ पर्यंत समुद्रतळाचे १,२०,००० चौरस किलोमीटर तपासले गेले. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने आणखी १,१२,००० चौरस किलोमीटर पाहिले. दोन्ही मिळून महाराष्ट्राच्या सुमारे तीन चतुर्थांश एवढा भाग, सरासरी चार किलोमीटर पाण्याखाली, घोर अंधारात. विमान मिळालं नाही. मिळाले समुद्राखालचे डोंगर, दऱ्या, ज्वालामुखी आणि एकोणिसाव्या शतकात बुडालेल्या जहाजांचे सांगाडे. त्या तळाचा इतका नेमका नकाशा तोवर नव्हता. तो आता सगळ्यांसाठी खुला आहे.

समुद्राने मात्र स्वतःहून काही परत दिलं. २९ जुलै २०१५ ला आफ्रिकेजवळच्या रेयुनियाँ बेटावर किनारा साफ करणाऱ्या लोकांना पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, फ्लॅपरॉन, सापडला. नंतर मोझांबिक, टांझानिया, मॉरिशस, मादागास्कर इथेही तुकडे लागले. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत डेव्हिड ग्रिफिन यांच्या गटाने बोइंग ७७७ चा एक खरा फ्लॅपरॉन मिळवला, सापडलेल्या तुकड्याच्या आकाराचा कापला आणि टास्मानियाजवळ पाण्यात सोडून दिला! आधी तपासलेल्या प्रतिकृतींपेक्षा तो वाऱ्याने जास्त वेगाने आणि जरा डावीकडे सरकत होता. ही चाल धरून गणित मांडलं, तर तुकडा ३५ अक्षांश दक्षिणेच्या आसपासून निघून जुलै २०१५ पर्यंत रेयुनियाँला पोहोचणं जुळत होतं. फ्लॅपरॉनला चिकटलेल्या बार्नॅकलच्या कवचांवरही अभ्यास झाला. कवच वाढताना पाणी किती गरम होतं, याची खूण त्याच्या थरांत राहते. त्यावरून तुकड्याचा प्रवास मागे मागे नेता येतो.

२०१८ च्या मलेशियाच्या अधिकृत अहवालात विमान हाताने वळवलं गेल्याचं म्हटलं आहे. तिऱ्हाइताच्या हस्तक्षेपाची शक्यता नाकारलेली नाही, आणि कारण निश्चित करता आलं नाही असंही स्पष्ट लिहिलं आहे. वैमानिकाच्या घरातल्या सिम्युलेटरवर दक्षिण हिंदी महासागराकडे जाणारे बिंदू आढळले. मालात लिथियम बॅटऱ्याही होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्हींवर पुस्तकं आणि मालिका निघाल्या. पण त्यांच्यावरून कुणा माणसाला दोषी ठरवणं हा अन्याय आहे, आणि तपास पथकाने तसं केलेलं नाही.

विमान वाहतुकीत मात्र बदल झाले. आंतरराष्ट्रीय संघटना आयकाओने समुद्रावरच्या विमानांचा ठावठिकाणा दर पंधरा मिनिटांनी कळण्याचा नियम आणला, संकटात सापडलेल्या नव्या विमानांसाठी दर मिनिटाला. ब्लॅक बॉक्सचा पाण्याखालचा बीपर पूर्वी ३० दिवस चालायचा, आता ९० दिवस. २०२५ मध्ये मलेशियाने ओशन इन्फिनिटीशी पुन्हा करार केला: नवे १५,००० चौरस किलोमीटर शोधायचे, विमान सापडलं तरच ७ कोटी डॉलर मिळणार.

विमान सापडलं तरी सगळं कळेल का? आवाज टिपणारी पेटी फक्त शेवटचे दोन तास जपते. विमान वळलं दीडच्या आधी, आणि उडत राहिलं सकाळी आठपर्यंत. त्या वळणाच्या वेळी कक्षात काय बोललं गेलं, ते नंतरच्या तासांच्या आवाजाखाली पुसलं गेलं असणार. उड्डाणाच्या नोंदी ठेवणारी दुसरी पेटी मात्र २५ तास जपते. ती वाचता आली, तर विमान कुठल्या क्षणी, कुठल्या आज्ञेने, कुठल्या उंचीवर वळलं हे मिनिटामिनिटाने कळेल. ते का वळलं, याचं उत्तर तीही देईलच असं नाही.