भिंतीवरचे तळे

आपल्या अनेक घरांत बैठकीच्या खोलीत दोन फ्रेमा दिसतात. एकीत आयतुल कुर्सी किंवा काबा शरीफ, दुसरीत तळ्याचा देखावा: मागे डोंगर, काठावर झाडे आणि पाण्यात त्यांचे प्रतिबिंब. पहिली आपण अदबीने पुसतो. दुसरीकडे कुणाचे लक्ष नसते. सजीवांची चित्रे लावायची नाहीत, मग भिंत रिकामी कशी ठेवायची, म्हणून आणलेली ती वस्तू!

आम्हाला वाटते, हा त्या देखाव्यावर अन्याय आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. सजीवांची चित्रे काढणाऱ्यांविषयीचा इशारा ऐकून तो हादरला. तेव्हा त्यांनी त्याला वाट दाखवली: काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ.

ही वाट किती रुंद आहे, हे दमास्कसच्या उमय्या मशिदीत दिसते. खलीफा वलीद (705 ते 715) यांनी ती बांधवली. काचेच्या रंगीत तुकड्यांनी तिच्या भिंतींवर नदी, उंच झाडे, वाडे आणि पूल साकारले आहेत. माणूस नाही, जनावर नाही. कुणी त्यात तिथली बरदा नदी पाहतात, तर कुणी जन्नतच्या बागा. 1893 च्या आगीत मशिदीचे मोठे नुकसान झाले, तरी यातला बराच भाग आजही टिकून आहे.

म्हणून घरात एखादी मुलगी वहीत सतत चित्रे काढत असेल, तर ‘हराम आहे’ म्हणून तिची रंगपेटी काढून घेण्याआधी थोडे थांबावे. तिला गावचा तलाव, खाडी, माळावरचे झाड दाखवावे. दुकानातल्या छापील देखाव्याच्या जागी तिचे चित्र लागले, तर भिंतही बोलू लागेल.

चित्र विकत घेताना मात्र नीट पाहावे. तळ्यात हंसांची जोडी किंवा नावेत माणूस असतो. अशा बारकाव्यांबाबत आपल्या आलिमांना विचारावे. नमाजच्या जागी समोरची, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेची, भिंत मोकळी ठेवावी. हजरत आयशा (रजि.) यांच्या घरातला नक्षीचा पडदा नमाजमध्ये लक्ष वेधतो, म्हणून प्रेषितांनी (स.) तो काढायला सांगितला होता.

कागदावरच्या चित्राला काच लावावी, पण ती कागदाला टेकू नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार हवी. पावसाळ्यात भिंतीची ओल फ्रेममध्ये शिरते. मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते.

आणि कधी सुटीच्या दिवशी मुलांना खऱ्या तळ्याकाठीही न्यावे. बनवणाऱ्याची आठवण तिथे अधिक येते.